बाविसाव्या क्रमांकाचा माणूस

19 नोव्हेंबर 2001 च्या जागतिक क्रमवारीत ऑस्ट्रेलियाचा लेटन ह्युइट पहिल्या स्थानावर आला, तेव्हा तो 20 वर्षांचा होता. पुरुषांच्या टेनिसमध्ये इतक्या लहान वयात तिथवर कुणी पोचलं नव्हतं. त्यानंतर दीड वर्षानं, मे 2003 मध्ये, त्याच स्थानावर आंद्रे आगासी होता आणि त्याचं वय होतं 33. इतक्या उतारवयात तोवर कुणी तिथं नव्हतं. पुढं हे दोन्ही विक्रम मोडले. पहिला कार्लोस अल्काराझनं मोडला, दुसरा आधी रॉजर फेडररनं आणि मग नोव्हाक जोकोविचनं. पण सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा, अशा या दोन्ही अव्वल खेळाडूंचा त्या वेळचा प्रशिक्षक एकच होता: डॅरेन केहिल.

नंतर या यादीत आणखी दोन नावांची भर पडली. रुमानियाची सिमोना हालेप 2017 मध्ये जगात पहिली आली आणि इटलीचा यानिक सिनर 2024 मध्ये. चौघांचे देश चार, खेळण्याच्या तऱ्हा चार आणि स्वभाव तर एकाचा दुसऱ्याशी न जुळणारा. केहिल स्वतः एकेरीत कुठवर पोचला होता? बाविसाव्या क्रमांकापर्यंत.

केहिलचं मोठेपण कळायला टेनिसमधल्या प्रशिक्षकाची नोकरी नेमकी काय असते ते आधी समजून घ्यायला हवं. क्रिकेटमध्ये प्रशिक्षकाला मंडळ नेमतं, फुटबॉलमध्ये क्लब नेमतो. खेळाडू ऐकेनासा झाला तर त्याला संघाबाहेर ठेवता येतं. टेनिसमध्ये सगळं उलटं आहे. इथं खेळाडू प्रशिक्षकाला नोकरीवर ठेवतो. पगार तोच देतो, विमानाचं तिकीट आणि हॉटेलची खोली त्याच्याच खर्चानं असते, बक्षिसाच्या रकमेतला ठरलेला टक्काही त्याच्याच खात्यातून येतो. दोन-चार स्पर्धांत लागोपाठ पहिल्या फेरीत गाशा गुंडाळावा लागला की नारळ मिळतो तो प्रशिक्षकाला. म्हणजे गुरूचं पोट शिष्याच्या हाती. अशा माणसाला समोर बसवून ‘तू चुकतोयस’ असं सांगणं किती अवघड असेल, याचा विचार करून पाहा. पुष्कळ खेळाडूंभोवती होयबांचा गोतावळा जमतो तो यामुळेच. आणि खेळाडू एकदा चांगला कमवायला लागला की त्या गोतावळ्यातून बाहेर पडणं त्याला जमत नाही.

दुसरी अडचण नियमांची होती. सामना सुरू झाला की प्रशिक्षकानं तोंड मिटून बसायचं, हा टेनिसचा जुना दंडक. डेव्हिस करंडकात कर्णधार कोर्टावर खेळाडूच्या शेजारी बसतो, तो अपवाद. महिलांच्या डब्ल्यूटीए स्पर्धांमध्ये 2009 पासून प्रत्येक सेटमध्ये एकदा प्रशिक्षकाला कोर्टावर बोलावता येऊ लागलं, पण ग्रँड स्लॅममध्ये तीही सवलत नव्हती. पुरुषांना 2022 च्या उन्हाळ्यात प्रायोगिक परवानगी मिळाली आणि प्रेक्षागारातून सल्ला देणं अधिकृत नियमांत बसलं ते थेट 1 जानेवारी 2025 पासून. तेव्हा केहिलच्या कारकिर्दीचा बहुतेक काळ सामन्याच्या वेळी गप्प बसण्यातच गेला. जे सांगायचं ते आदल्या दिवशीच सांगून व्हायला हवं होतं, आणि इतकं नेमकं की कोर्टावर घाम गाळताना खेळाडूला ते आठवावं.

केहिलचा जन्म 2 ऑक्टोबर 1965 चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा. घर फुटबॉलचं. आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू घेऊन क्रिकेटच्या मैदानाएवढ्या मोकळ्या जागेत खेळतात तो ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ फुटबॉल. वडील जॉन केहिल हे पोर्ट ॲडलेड क्लबचे नामांकित खेळाडू आणि पुढं त्याच क्लबचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली पोर्ट ॲडलेडनं दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या लीगचं विजेतेपद 10 वेळा पटकावलं. 1997 मध्ये हा क्लब राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाला तेव्हा पहिला प्रशिक्षक म्हणून पुन्हा त्यांनाच बोलावणं आलं. मधली दोन वर्षं त्यांनी मेलबर्नच्या कॉलिंगवूड या बड्या क्लबलाही शिकवलं होतं. प्रशिक्षकाचं जगणं डॅरेननं असं घरातच पाहिलं. सामना हरला की शहर कुणाला बोल लावतं आणि जिंकला की खांद्यावर कुणाला घेतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

मुलगा मात्र टेनिसकडे वळला. सर्व्हिस करून जाळ्याकडे धावायचं आणि व्हॉलीवर गुण संपवायचा, हा त्या काळचा ऑस्ट्रेलियन खाक्या त्याच्या अंगात होता. सर्किटवर सगळे त्याला ‘किलर’ म्हणायचे. आडनावावरून पडलेलं हे नाव त्याच्या मवाळ बोलण्याशी अजिबात जुळत नाही, पण ते अजूनही टिकून आहे.

1988 हे त्याचं वर्ष. जुलैत स्वित्झर्लंडमधल्या ग्श्टाडला त्यानं एकेरीतलं पहिलं जेतेपद मिळवलं. मग सप्टेंबरात, न्यूयॉर्कला, अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत या बिगरमानांकित खेळाडूनं दोनदा विंबल्डन जिंकलेल्या बोरिस बेकरला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं. बेकरचा पाय दुखत होता हे खरं, पण केहिल तेवढ्यावर थांबला नाही. उपांत्यपूर्व फेरीत त्यानं आरॉन क्रिकस्टाइनला पाच सेटच्या झुंजीत हरवलं आणि थेट उपांत्य फेरी गाठली. तिथं स्वीडनचा मॅट्स विलँडर उभा होता. तीन सेटमध्ये खेळ आटोपला. पुढच्याच सामन्यात विलँडरनं इव्हान लेंडलला हरवून स्पर्धाही जिंकली आणि जगातलं पहिलं स्थानही. एखादा खेळाडू पहिल्या क्रमांकावर पोचण्याच्या बेतात असताना कसा खेळतो, ते केहिलनं जाळ्यापलीकडून पाहिलं ते असं.

पुढच्या जानेवारीत मार्क क्रॅट्झमनबरोबर तो ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत दुहेरीचा उपविजेता ठरला, एप्रिलमध्ये एकेरीत बाविसावा झाला, दुहेरीत तर पहिल्या दहांत गेला. 1990 च्या डेव्हिस करंडकाच्या अंतिम लढतीत अमेरिकेविरुद्ध तो ऑस्ट्रेलियाकडून एकेरी खेळला. 1991 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दुसरं आणि शेवटचं एकेरी जेतेपद त्याला मिळालं. अंतिम फेरीत समोर ब्रॅड गिल्बर्ट होता. हे नाव लक्षात ठेवा. त्यानंतर गुडघ्यानं दगा दिला. शस्त्रक्रिया झाल्या, परतीचे प्रयत्न झाले, पण जाळ्याकडे धावत सुटणाऱ्या खेळाडूचा गुडघाच गेला तर त्याचा खेळ गेला. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं तोवर त्याची रॅकेट खाली ठेवून झाली होती. एकेरीची दोन जेतेपदं, दुहेरीची 13, एका ग्रँड स्लॅमची उपांत्य फेरी. चांगली कारकीर्द, पण तेवढ्यावर कुणी पुस्तक लिहिलं नसतं.

आणि मग ह्युइट आला. तोही ॲडलेडचाच. जानेवारी 1998 मध्ये 16 वर्षांच्या या पोरानं, क्रमवारीत साडेपाचशेच्या आसपास असताना, गावच्याच स्पर्धेत आगासीला लोळवलं आणि स्पर्धाही जिंकली. पुढच्या वर्षांत तो व्यावसायिक टेनिसमध्ये पाय रोवत होता तेव्हा केहिल त्याच्याबरोबर होता. ह्युइटकडे उंची नव्हती, तोफखाना नव्हता. होते ते वाऱ्याच्या वेगाचे पाय आणि कुणापुढंही न वाकणारी जिद्द. अशा मुलाला जाळ्याकडे धावायला शिकवण्याचा मोह स्वतः तसं खेळलेल्या माणसाला होऊ शकला असता. केहिलनं तसं केलं नाही. ह्युइट मागच्या रेषेवरूनच खेळत राहिला, फक्त दिवसेंदिवस अधिक नेमका होत गेला.

2001 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत त्याची पावती मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत पीट सॅम्प्रस आणि आगासी यांच्यात चार सेट झाले, चारही टायब्रेकरवर गेले. दोघांपैकी कुणाचीही सर्व्हिस एकदाही मोडली नाही. त्याच सॅम्प्रसची सर्व्हिस अंतिम फेरीत ह्युइटनं पुन्हा पुन्हा भेदली आणि 7-6, 6-1, 6-1 असा सामना संपवला. दोन महिन्यांनी तो जगात पहिला झाला. आणि वर्ष संपता संपता त्याचं आणि केहिलचं नातं संपलं.

शिष्य जगात पहिला येतो आणि थोड्याच आठवड्यांत गुरू रस्त्यावर येतो, हे या धंद्यात चालतं. पुढच्या जुलैत ह्युइटनं दुसऱ्या प्रशिक्षकासह विंबल्डनही जिंकलं. काही जणांना यातून केहिलचं योगदान कमी होतं असं वाटेल. मला उलट वाटतं. प्रशिक्षकाशिवाय जिंकता येणं, ही शिकवणूक मुरल्याची खूण आहे.

आगासीकडे तेव्हा प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या अंतिम फेरीत केहिलकडून हरलेला ब्रॅड गिल्बर्ट पुढं आगासीचा प्रशिक्षक झाला होता, आणि 2002 च्या सुरुवातीला ते दोघं वेगळे झाले. गिल्बर्टची जागा केहिलनं घेतली. आगासी तेव्हा 31 वर्षांचा होता, त्याच्या नावावर सात ग्रँड स्लॅम होती, पाठ दुखत होती आणि खेळातली कोणतीही गोष्ट त्याला कुणी नव्यानं सांगावी असं उरलं नव्हतं. अशा माणसाला बाविसाव्या क्रमांकाचा प्रशिक्षक काय शिकवणार?

त्यानं तारा बदलायला सांगितलं. रॅकेटच्या तारा. आगासी वर्षानुवर्षं आपल्या सवयीच्या तारांनी खेळत आला होता, आणि रॅकेटच्या बाबतीत तो इतका काटेकोर होता की ती विणणारा माणूससुद्धा त्याचा ठरलेला असे. त्या सुमारास पॉलिस्टरच्या नव्या तारा सर्किटवर पसरत होत्या. या तारा कडक आणि गुळगुळीत असतात. चेंडू आदळला की उभी तार आडव्या तारेवरून बाजूला सरकते आणि चेंडू सुटताना झटक्यात मूळ जागी येते. तो झटका चेंडूला जास्तीची फिरकी देऊन जातो. फिरकी वाढली की चेंडू पलीकडे लवकर खाली येतो, म्हणून खेळाडूला पूर्ण ताकदीनं फटका मारूनही चेंडू रेषेच्या आत ठेवता येतो. आगासीनं ‘ओपन’ या आत्मचरित्रात हा प्रसंग सांगितला आहे. सुरुवातीला तो कां-कूं करत होता, पण 2002 च्या मे महिन्यात रोमला सरावात त्यानं त्या तारा वापरून पाहिल्या आणि पहिल्याच दिवशी त्याला फरक कळला. ती स्पर्धा तो जिंकला. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत रोमचं विजेतेपद त्याला पहिल्यांदाच मिळत होतं.

या प्रसंगात मला केहिलची नजर दिसते. फोरहँड कसा मारायचा हे आगासीला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याची ताकद वयानं कमी होणार होती आणि समोरची पोरं दरवर्षी जास्त जोरात मारणार होती. मग फटका न बदलता त्याला मदत कुठून मिळेल, हे केहिलनं शोधलं. शिवाय त्यानं एका मुरलेल्या, हट्टी माणसाला त्याच्या सर्वांत जवळच्या हत्याराला हात लावायला लावला. कुणा होयबाला ते जमलं नसतं.

त्याच सप्टेंबरात न्यूयॉर्कला उपांत्य फेरीत आगासीसमोर गतविजेता आणि जगातला पहिला खेळाडू उभा होता: ह्युइट. आगासीच्या बॉक्समध्ये बसलेल्या केहिलला ह्युइटच्या खेळाचा कानाकोपरा माहीत होता. आगासी चार सेटमध्ये जिंकला, अंतिम फेरीत मात्र सॅम्प्रसकडून हरला. जानेवारी 2003 मध्ये त्यानं ऑस्ट्रेलियन खुली स्पर्धा अंतिम फेरीत अवघे पाच गेम गमावून जिंकली. तेच त्याचं आठवं आणि अखेरचं ग्रँड स्लॅम. तो पहिल्या क्रमांकावर याआधीही राहिला होता, ते श्रेय केहिलचं नव्हे. 33 व्या वर्षी तिथं परत नेण्याचं श्रेय मात्र त्याला द्यायलाच हवं. 2006 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत आगासी निवृत्त होईपर्यंत केहिल त्याच्या बॉक्समध्ये होता.

त्यानंतरची काही वर्षं केहिल ईएसपीएन वाहिनीवर समालोचन करत होता आणि आदिदास कंपनीच्या खेळाडू-विकास योजनेत काम करत होता. ही योजना मला महत्त्वाची वाटते. तिच्यात प्रशिक्षकाचा पगार खेळाडू देत नसे, कंपनी देई. आदिदासचे कपडे घालणाऱ्या खेळाडूंना त्यांचा सल्ला मिळे. म्हणजे ज्याला सल्ला द्यायचा त्याच्याच पगारावर अवलंबून राहण्याचा पेच इथं सुटला होता. 2009 च्या सुरुवातीला रॉजर फेडररनंही केहिलला विचारलं. दोघांनी दुबईत काही दिवस एकत्र सरावही केला. पण वर्षाचे जितके आठवडे घराबाहेर काढावे लागले असते तितके केहिलला द्यायचे नव्हते, म्हणून त्यानं नकार दिला. टेनिसमधली सगळ्यांत मानाची नोकरी त्यानं घरासाठी सोडली, आणि त्याचा कधी गाजावाजा केला नाही.

सिमोना हालेपची गाठ पडली ती या आदिदास योजनेतूनच. 2016 च्या हंगामापासून तो तिच्याबरोबर पूर्णवेळ फिरू लागला. हालेपची उंची 168 सेंटिमीटर. सहा फुटी मुलींच्या तोफांपुढं ती पळून पळून चेंडू परत करायची, कोन शोधायची, समोरचीला दमवायची. पायांत आणि हातांत काही कमी नव्हतं. घोडं अडायचं ते मनाशी. चार गुण विरोधात गेले की ती बॉक्सकडे पाहून हातवारे करायची, स्वतःवर चिडायची, आणि मग एक क्षण असा यायचा की प्रयत्नच सोडून द्यायची. तिचा तो चेहरा पाहून समोरची खेळाडू ताठ व्हायची.

मार्च 2017. मायामीची स्पर्धा, उपांत्यपूर्व फेरी, समोर ब्रिटनची योहाना कॉन्टा. हालेपनं पहिला सेट जिंकला. दुसरा टायब्रेकरवर गेला आणि ती हरली. तिथून ती खचतच गेली. डब्ल्यूटीएच्या नियमाप्रमाणं केहिल कोर्टावर येऊ शकत होता, आला. प्रशिक्षकाच्या शर्टाला तेव्हा माइक लावलेला असे, त्यामुळं घरी टीव्हीपुढं बसलेल्या प्रेक्षकांनाही संभाषण ऐकू जाई. प्रशिक्षक धीर देतोय आणि खेळाडू मान वर करायलाही तयार नाही, हे जगानं पाहिलं. तिसरा सेट 6-2 असा गेला.

सामन्यानंतर केहिलनं तिचं काम सोडलं. हे सहज समजण्यासारखं नाही, म्हणून जरा थांबून बघायला हवं. हालेप तेव्हा जगातल्या पहिल्या पाचांत होती. ती हरली म्हणून तो गेला नव्हता. अशा पराभवांची त्याला सवय होती. तिनं लढणं सोडलं म्हणून तो गेला. शिव्याशाप नाहीत, पत्रकारांपुढं तक्रार नाही. तो का गेला हे हालेपनंच नंतर पत्रकारांना मोकळेपणानं सांगितलं: आपल्या वागणुकीमुळं. ती मानसशास्त्रज्ञाकडे गेली, कोर्टावरच्या स्वतःच्या वागण्यावर काम केलं. तिच्यातला फरक पाहिल्यावर थोड्याच काळात केहिल परतला. प्रशिक्षकाच्या हातातलं सर्वांत कठोर हत्यार म्हणजे निघून जाणं. केहिलनं ते एकदाच वापरलं, आणि परत येण्याचं दार उघडं ठेवून वापरलं.

पण फळ लगेच हाती आलं नाही, आणि हा भाग मला सगळ्यांत जास्त भावतो. जून 2017, फ्रेंच खुल्या स्पर्धेची अंतिम फेरी: येलेना ओस्टापेंकोविरुद्ध हालेप पहिला सेट जिंकून दुसऱ्यात 3-0 अशी पुढं होती. जिंकली असती तर पहिलं ग्रँड स्लॅम आणि पहिलं स्थान, दोन्ही एकाच दुपारी. हरली. जुलै, विंबल्डन, उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा कॉन्टा: विजय अगदी तोंडाशी आला होता, आणि त्याच्याबरोबर पहिलं स्थानही. हरली. ऑगस्ट, सिनसिनाटीची अंतिम फेरी: जिंकली तर पहिली, आणि तिला एकच गेम घेता आला. तीन महिन्यांत तीनदा दार उघडून तोंडावर आपटलं. वर्षभरापूर्वीची हालेप यातल्या पहिल्याच धक्क्यानं संपली असती. ही हालेप ऑक्टोबरात बीजिंगला गेली, तिथं उपांत्य फेरीत त्याच ओस्टापेंकोला हरवून जगात पहिली आली. असं करणारी ती पहिलीच रुमानियन महिला.

जानेवारी 2018 मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत ती उतरली तेव्हा कपड्यांचा प्रायोजक तिच्याकडे नव्हता. ऑनलाइन शोधून चीनमधून शिवून आणलेल्या लाल पोशाखात ती खेळत होती. लॉरेन डेव्हिसविरुद्धचा तिसरा सेट 15-13 पर्यंत लांबला. सामना पावणेचार तास चालला. उपांत्य फेरीत अँजेलिक केर्बरविरुद्ध तिनं मॅचपॉइंट वाचवले. अंतिम फेरीत कॅरोलिन वॉझ्नियाकीकडून ती तीन सेटमध्ये हरली. ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीतला तिसरा पराभव. मग जूनमध्ये पॅरिस, स्लोन स्टीफन्सविरुद्ध पहिला सेट गेला, दुसऱ्यात 0-2 अशी पिछाडी. मायामीच्या वेळचा उतार इथूनच सुरू झाला असता. तिनं पुढचे चार गेम सलग घेतले आणि सामना 3-6, 6-4, 6-1 असा फिरवला. ही तिची पहिली ग्रँड स्लॅम ट्रॉफी.

त्या वर्षाच्या अखेरीस केहिलनं कुटुंबाला वेळ द्यायचा म्हणून काम थांबवलं. 2019 मध्ये हालेपनं सेरेना विल्यम्सला 56 मिनिटांत हरवून विंबल्डन जिंकलं, तेव्हा तो तिचा प्रशिक्षक नव्हता. ह्युइटसारखंच.

सिनरकडे तो 2022 च्या जूनमध्ये आला. इथं मांडणी निराळी होती. सिमोने वान्योझी हा इटालियन प्रशिक्षक आधीपासून सिनरबरोबर होता आणि तंत्राची मुख्य जबाबदारी त्याचीच राहिली. केहिल दुसरा प्रशिक्षक म्हणून आला. पन्नाशी ओलांडलेल्या, दोन-तीन अव्वल खेळाडू घडवलेल्या माणसानं आपल्याहून कितीतरी तरुण सहकाऱ्याच्या जोडीला बसणं, त्याच्या कामात लुडबुड न करणं, याला मोठं मन लागतं.

सिनरला ओरडायची गरज नव्हती, समजूत काढायचीही नव्हती. आल्प्समधल्या गावातला, लहानपणी स्कीइंगमध्ये चमकलेला हा मुलगा मुळातच अबोल. त्याला गरज होती हातातोंडाशी आलेले सामने संपवायची. विंबल्डन 2022 मध्ये जोकोविचविरुद्ध पहिले दोन सेट जिंकून तो हरला. त्याच वर्षी न्यूयॉर्कला अल्काराझविरुद्ध मॅचपॉइंट हातात असताना हरला; तो सामना पहाटे तीनच्या सुमारास संपला. 2023 मध्ये त्यानं सर्व्हिसच्या वेळची पायांची ठेवण बदलली. नोव्हेंबरात डेव्हिस करंडकात त्यानं जोकोविचविरुद्ध सलग तीन मॅचपॉइंट वाचवून सामना जिंकला. जानेवारी 2024 मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत तर जोकोविचला पूर्ण सामन्यात एकदाही सर्व्हिस मोडण्याची संधी, म्हणजे एकही ब्रेकपॉइंट, मिळाला नाही. जोकोविचच्या ग्रँड स्लॅम कारकिर्दीत पूर्ण खेळल्या गेलेल्या सामन्यात असं कधी घडलं नव्हतं. अंतिम फेरीत दोन सेटच्या पिछाडीवरून सिनरनं दानिल मेदवेदेवला हरवलं. 10 जून 2024 ला तो जगात पहिला आला.

या यशावर एक डाग पडला, तो लपवून चालणार नाही. मार्च 2024 मध्ये सिनरच्या नमुन्यांत क्लोस्टेबॉल हे बंदी असलेलं द्रव्य अत्यल्प प्रमाणात सापडलं. मसाज करणाऱ्या सहकाऱ्यानं हाताच्या जखमेवर मारलेल्या औषधी स्प्रेमधून ते आलं, हे त्याचं म्हणणं स्वतंत्र न्यायाधिकरणानं मान्य केलं. पुढं उत्तेजकविरोधी जागतिक संस्थेच्या अपिलानंतर तडजोड होऊन 2025 मध्ये तीन महिन्यांची बंदी आली. केहिल या काळात उघडपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला. निकालाबद्दल मतं वेगवेगळी आहेत. लढणं सोडलेल्या खेळाडूला सोडून जाणारा माणूस संकटात सापडलेल्याला मात्र सोडत नाही, एवढं त्यातून दिसलं.

बंदीनंतर 8 जून 2025 ला पॅरिसच्या अंतिम फेरीत सिनरला अल्काराझविरुद्ध विजेतेपदाचे तीन पॉइंट मिळाले. तिन्ही गेले. 5 तास 29 मिनिटांनी तो हरला. पॅरिसच्या इतिहासातली ती सर्वांत लांबलेली अंतिम फेरी. पाचच आठवड्यांनी विंबल्डनच्या अंतिम फेरीत तोच अल्काराझ समोर होता, आणि पहिला सेट पुन्हा त्याच्याकडे गेला. सिनरनं पुढचे तीन सेट 6-4, 6-4, 6-4 असे घेतले.

केहिलनं त्याआधीच सांगून ठेवलं होतं की फिरतीचं हे त्याचं शेवटचं वर्ष. अंतिम सामन्यापूर्वी सिनरनं त्याच्याशी पैज लावली: मी जिंकलो, तर तू राहायचं की जायचं हे मी ठरवणार. 13 जुलैला ट्रॉफी हातात आल्यावर सिनरनं पत्रकारांना ती पैज सांगून टाकली. टेनिसमध्ये प्रशिक्षकाला काढून टाकणारे खेळाडू ढिगानं आहेत. प्रशिक्षक जाऊ नये म्हणून त्याच्याशी पैज लावणारे फार थोडे. बाविसाव्या क्रमांकाच्या या खेळाडूची योग्यता कोणत्याही क्रमवारीपेक्षा त्या पैजेत जास्त खरी नोंदली गेली आहे.